स्वल्प मोलाचा कीबोर्ड: जुना घ्यावा की नवा?

संत्र्याचा आंबिया बहार उतरून बागेचा हिशेब एकदा चुकता झाला, म्हणजे तिगाव, पांढुर्णा आणि सौसर या आमच्या मराठीभाषी पट्ट्यात ज्या लहानमोठ्या खरेद्यांचा विचार घरोघरी सुरू होतो, त्यांत अलीकडे एका वाद्याने आपले स्थान पक्के केले आहे. ते वाद्य म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, विजेवर चालणारा आणि कोणत्याही कंपनीचा असला तरी गावात सर्रास कॅसिओच म्हटला जाणारा कीबोर्ड होय. कोणाला तो शाळकरी मुलीसाठी हवा असतो, कोणाला भजनी मंडळासाठी, आणि लग्नसराईत वा गणेशोत्सवात चार पैसे मिळवू पाहणाऱ्या तरुणांना तो ऑर्केस्ट्रासाठी हवा असतो. हाताशी रक्कम असते दहा-बारा हजारांची, फार तर पंधरा हजारांची. या रकमेत एक तर पेटीबंद, हमीपत्रासह मिळणारा आजच्या बनावटीचा सर्वांत खालच्या पायरीवरचा कीबोर्ड घेता येतो, किंवा नागपूरच्या बाजारात, अथवा मोबाइलवरच्या जाहिरातीतून, कोणाच्या तरी घरचा जुना. यांतील कोणता घ्यावा हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी, ज्या घरात ही रक्कम वर्षाच्या कमाईतून बाजूला काढावी लागते आणि ज्या मुलाचे संगीताशी नाते त्या एका वस्तूच्या गुणावगुणांवर जुळणार वा तुटणार असते, त्या घराच्या दृष्टीने तो मुळीच क्षुल्लक नाही.

माझे मत प्रारंभीच नमूद करतो. आमच्यासारख्या ठिकाणी, आजच्या सर्वांत स्वस्त नव्या कीबोर्डापेक्षा, गेल्या दशकात निघालेला, त्याहून एक पायरी वरच्या दर्जाचा आणि नीट राखलेला कीबोर्ड घेणे अधिक हिताचे आहे. परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या नामांकित सिंथेसायझरचा मोह मात्र, त्याची कीर्ती कितीही मोठी असो आणि भाव कितीही खाली आलेला असो, सर्वथा टाळावा. ‘जुने ते सोने’ आणि ‘नवे तेच चांगले’ ही दोन्ही मते या बाबतीत सारखीच दिशाभूल करणारी आहेत, आणि तसे का, हे समजण्यासाठी हे वाद्य बनते कसे आणि त्यातील खर्च कोठे होतो याची थोडी फोड करणे अवश्य आहे.

कीबोर्डाचे स्थूलमानाने दोन भाग असतात. एक भाग ध्वनी निर्माण करणाऱ्या चकतीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपचा आणि तिच्या स्मृतीचा; दुसरा हाताला लागणारा, म्हणजे पट्ट्या, त्यांखालचे रबरी संपर्क, स्वर वाकविण्याचे चाक, ध्वनिवर्धक, जोडणीची छिद्रे आणि बाहेरचा सांगाडा. गेल्या चाळीस वर्षांत पहिला भाग इतका स्वस्त होत गेला, की १९८३ साली यामाहाचा जो डीएक्स-७ जगभरच्या व्यावसायिक वादकांनी मोठ्या किमतीला विकत घेतला, त्यात साठवलेले नाद होते अवघे ३२ आणि एका वेळी वाजू शकणारे स्वर होते १६. तर आज त्याच कंपनीच्या प्रारंभिक श्रेणीतील पीएसआर-ई२७३ मध्ये ४०१ नाद असतात आणि एका वेळी ३२ स्वर वाजतात. कॅसिओच्या सीटी-एस२०० मध्ये ४०० नाद आणि ४८ स्वर. परंतु दुसरा भाग हा प्लास्टिक, रबर, लोखंड आणि मजुरी यांचा असल्यामुळे तो त्या प्रमाणात स्वस्त होऊ शकला नाही, होण्याचा संभवही नव्हता. परिणाम असा झाला की, किंमत खाली ठेवण्याचा प्रसंग येतो तेव्हा उत्पादक नादांची संख्या कमी करीत नाही, कारण ती जवळजवळ फुकट असते आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापता येते. तो काटछाट करतो ती पट्ट्यांत, संपर्कांत, चाकात आणि छिद्रांत. गिऱ्हाईक मात्र नेमके उलट मोजते. दुकानात उभा राहिलेला बाप ‘यात किती आवाज आहेत?’ एवढेच विचारतो, आणि चारशे हे उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते.

या काटछाटीत सर्वांत आधी जो गुण जातो तो स्पर्शसंवेदनेचा, म्हणजे पट्टी हळू दाबली असता हळू आणि जोराने दाबली असता मोठा स्वर निघण्याचा. ही किमया साधते ती अशी: प्रत्येक पट्टीखाली एकाऐवजी दोन रबरी संपर्क असतात, पट्टी खाली जाताना ते एकामागून एक जुळतात, आणि त्या दोहोंमधील क्षणाच्या अंशाचा काळ मोजून यंत्र वादकाच्या हाताचा वेग ओळखते. म्हणजे संपर्क दुप्पट झाले, जोडतारा वाढल्या, खर्च वाढला. म्हणूनच पीएसआर-ई२७३, सीटी-एस२०० आणि यामाहाचाच लोकप्रिय पीएसआर-एफ५१ या तिन्हींमध्ये पट्ट्या पूर्ण आकाराच्या आणि ६१ असूनही ही सोय नाही. कुजबुजावे तसे दाबा की घाव घालावा तसे दाबा, स्वर तोच आणि तेवढाच. ज्या मुलाने पहिली तीन वर्षे अशा वाद्यावर काढली, त्याच्या बोटांना बळाचा विवेक शिकवावा लागतो तो पुढे, आणि फार कष्टाने. याहूनही खाली गेलो तर कॅसिओच्या एसए मालिकेतील ३२ किंवा ४४ लहान पट्ट्यांची यंत्रे येतात. ती खेळणी म्हणून उत्तम असतील, परंतु त्यांवर बसलेला हात पूर्ण आकाराच्या पट्टीवर पुन्हा नव्याने बसवावा लागतो, आणि म्हणून शिक्षणाचे साधन या नात्याने ती मी कोणालाही सुचविणार नाही.

आता जुन्याकडे वळू. जुन्या सिंथेसायझरभोवती जे वलय आहे ते निराधार आहे असे कोणी समजू नये. आपल्या देशातच या यंत्रांचा इतिहास सामान्य नाही. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील ज्या पुंगीच्या स्वरांनी अवघा हिंदुस्थान डोलला, ते स्वर पुंगीचे नव्हतेच. हेमंतकुमारांच्या संगीतदिग्दर्शनाखाली कल्याणजींनी ते क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढले होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पुढे केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर आणला. आणि १९८२ साली चरणजित सिंग या मुंबईच्याच वादकाने रोलँडचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी कोणी विचारली नाही, परंतु २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा, अमेरिकेतील शिकागो शहरात ज्या शैलीचा उगम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला असे मानले जाई, तिच्याशी विलक्षण साम्य असलेले काही मुंबईत पाच वर्षे आधीच घडले होते हे पाहून जगभरचे जाणकार चकित झाले. ती शैली घडविणाऱ्या शिकागोच्या तरुणांनी जे टीबी-३०३ वापरले ते बाजारात अयशस्वी ठरून बंद पडलेले आणि म्हणूनच जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळणारे यंत्र होते. तेव्हा जुन्या, टाकून दिलेल्या यंत्रातून नवी कला जन्मू शकते, हे मला मान्य आहे.

तथापि शिकागोचा अथवा मुंबईचा न्याय तिगावला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि त्याचे कारण कलेचे नसून दुरुस्तीचे आहे. डीएक्स-७, १९८४ चा रोलँड जुनो-१०६, १९८८ चा कॉर्ग एम-१ ही यंत्रे व्यावसायिकांसाठी घडविलेली होती. त्यांत ध्वनिवर्धक नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. सेलवर ती चालत नाहीत. आणि परदेशातून फिरत आलेली असतील तर जपानच्या १०० किंवा अमेरिकेच्या १२० व्होल्टांसाठी बनलेली असण्याचा संभव मोठा, जी आपल्या २३० व्होल्टांच्या भिंतीत थेट खोचली की क्षणात निकामी होतात. जुनो-१०६ मध्ये एका वेळी सहाच स्वर वाजतात आणि ते सहा स्वर सांभाळणाऱ्या चिपा, त्यांवरील लेपाच्या दोषामुळे, एकामागून एक मूक होतात ही त्या यंत्राची जगप्रसिद्ध व्याधी आहे. डीएक्स-७ आणि एम-१ यांच्या आत स्मृती टिकविणारा एक छोटा सेल असतो, तो संपला की वादकाने जमविलेले नाद पुसले जातात. यांतील कोणताही दोष असाध्य नाही. परंतु तो साध्य करणारा कारागीर पांढुर्ण्यात नाही, छिंदवाड्यातही मिळणे कठीण, आणि नागपूर येथून शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर. तेथेही पट्टीचा रबरी संपर्क बदलून देणारे भेटतील, चाळीस वर्षांपूर्वीची चिप मिळवून देणारा भेटेलच याची शाश्वती कोण देणार? ज्याच्यापाशी दुसरे वाद्य आहे, सोल्डरिंग आयर्न हातात धरण्याचे कौशल्य आहे आणि वाट पाहण्याची ऐपत आहे, त्याने हा छंद अवश्य करावा. ज्याचे हे एकमेव वाद्य असणार, त्याने करू नये.

या दोन टोकांच्या मध्ये जो प्रदेश आहे, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे हाच या लेखाचा हेतू. २०१० ते २०२० या काळात यामाहाने पीएसआर-ई४३३, ई४४३, ई४५३, ई४६३ अशी जी मालिका काढली तीत पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या, स्पर्शसंवेदना, स्वर वाकविण्याचे चाक आणि यूएसबीची जोडणी ही सर्व अंगे होती. कॅसिओने सीटीके-६२००, ७२०० आणि खास भारतासाठी सीटीके-६३००आयएन, ७३००आयएन ही यंत्रे काढली, ज्यांत तबला, तानपुरा, सतार यांचे नाद आणि आपले ठेके घातलेले होते. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेतही हीच दृष्टी होती. ही यंत्रे नवी असताना आपल्या रकमेच्या बाहेर होती. आज ती शहरांतून, विशेषतः ज्या घरांतील मुलगा अभियांत्रिकी शिकायला पुण्याला वा बंगळुरूला निघून गेला अशा घरांतून, नव्या प्रारंभिक कीबोर्डाच्या किमतीत आणि पुष्कळदा त्याहूनही कमीत मिळतात. त्यांचे नाद आजच्या कानाला किंचित जुने वाटतील, नादांची संख्या कोठे कमी असेल, पडदा मंद असेल. परंतु बोटाखालचे जे अंग आहे, ज्यावर शिकणाऱ्याचा हात घडतो, ते आजच्या स्वस्त यंत्राहून निःसंशय वरचढ आहे. शिवाय ही यंत्रे इतकीही जुनी नाहीत की त्यांचे सुटे भाग दुर्मिळ व्हावेत.

नव्या बाजूने जे बोलतात त्यांचा मुख्य मुद्दा हमीचा असतो, आणि तो मी हलका लेखत नाही. परंतु हमीची मुदत संपल्यावरही वाद्य दहा वर्षे चालायचे असते. आणि त्या मुदतीतसुद्धा सेवाकेंद्र नागपूरला, वाद्य तिगावला, मध्ये पॅसेंजर गाडी आणि एका दिवसाची मजुरी, हा खर्च हमीपत्रात कोठेही जमा धरलेला नसतो. तेव्हा हमीचे मोल आमच्यासाठी शहरवासीयांच्या निम्मेच आहे, असे धरून व्यवहार करावा.

जुने घ्यायचे तर ते पारखून घेतले पाहिजे, आणि या पारखीबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण फसवणूक होते ती येथेच. सर्वप्रथम यंत्र उलटे करून सेलचे झाकण उघडावे. आत पांढरी वा हिरवट भुकटी, गंजलेल्या स्प्रिंगा किंवा आंबूस वास असला तर पुढचे काहीही न पाहता ते परत द्यावे. वर्षानुवर्षे विसरलेले सेल पाझरून त्यांचा क्षार जेव्हा आतल्या फलकापर्यंत जातो तेव्हा तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो, आणि तो दोष आज दिसला नाही तरी पुढल्या पावसाळ्यात दिसतोच. मग विक्रेत्याने दिलेला अडॅप्टर त्याच यंत्राचा आहे याची खातरजमा करावी: कॅसिओच्या जुन्या एडी-५ या ९ व्होल्टांच्या अडॅप्टरमध्ये टोकाच्या आतला भाग ऋण असतो, यामाहाच्या पीए-१३० या १२ व्होल्टांच्या अडॅप्टरमध्ये तो धन असतो, आणि टोक छिद्रात बसते एवढ्यावर विसंबून एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावणे म्हणजे यंत्राचा जीव पणाला लावणे होय. विजेचे टोक खोचल्यावर ते हलवून पाहावे. यंत्र मध्येच बंद पडत असेल तर छिद्राची सांधणी सुटली आहे, हा दोष मात्र स्वस्तात दुरुस्त होतो, आणि त्यासाठी किमतीत सूट मागण्यास हरकत नाही. त्यानंतर पियानोचा नाद लावून, घाई न करता, डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी प्रथम हळुवार, मग मध्यम, मग जोराने दाबावी. जी पट्टी मुकी राहते, अडखळते किंवा हळू दाबूनही एकदम ओरडते, तिच्याखालचा रबरी संपर्क झिजलेला वा मळलेला आहे. एक-दोन पट्ट्यांचे असे झाले असेल तर संपर्क पुसून काम भागते. मधल्या सप्तकातील निम्म्या पट्ट्या तशा असतील तर समजावे की वाद्य ऑर्केस्ट्रात राबलेले आहे. स्वर वाकविण्याचे चाक सोडल्यावर स्वर मूळ जागी येतो की थोडा चढा-उतरा राहतो, हे दुसऱ्या यंत्राशी किंवा मोबाइलमधील तानपुऱ्याशी ताडून पाहावे. ध्वनिवर्धक फाटका असला तर खर्जाच्या स्वरात तो खरखरतो. फ्लॉपी ड्राइव्ह असलेले यंत्र शक्यतो घेऊच नये. आणि मूळ खरेदीची पावती मागावी. मूळ मालकापाशी ती हरवली असणे स्वाभाविक आहे, परंतु जो मागताच संतापतो त्याच्याशी व्यवहार करू नये.

येथवर जे लिहिले ते कोणत्याही संगीताला लागू पडेल. परंतु आमच्या गावी कीबोर्ड ज्या संगीतासाठी घेतला जातो त्याचा विचार केल्यावाचून निवडीचा निर्णय अपुरा राहील. विदर्भालगतच्या या भागातील भजनाची परंपरा मोठी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी जिथे घरोघरी पोहोचली, तिथे गाण्याला साथ म्हणजे स्वराने स्वराला दिलेला आधार, हे लहान मुलालाही ठाऊक असते. हा आधार पेटीने दिला. आणि पेटीवरच एके काळी केवढा मोठा खटला चालला होता, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे: १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवरून हद्दपार केले, आणि ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. आक्षेप असा होता की, या परदेशी वाद्याच्या पट्ट्या समान अंतरांवर पक्क्या बांधलेल्या असल्यामुळे त्यांतून आपल्या संगीताच्या श्रुती निघत नाहीत आणि मींड तर निघणे अशक्यच. आक्षेपातील शास्त्र खोटे नव्हते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग, ज्यांना सेंट म्हणतात, कल्पिले तर नैसर्गिक शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ सेंटांवर येतो. पट्टीवरचा गांधार ४०० वर असतो. हा १४ सेंटांचा चढेपणा तानपुऱ्याशेजारी बसून ऐकणाऱ्या कानाला स्पष्ट टोचतो. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली ती याच उणिवेच्या निवारणार्थ.

आता पाहा: पेटीत जे साधण्यासाठी वाद्यच नव्याने घडवावे लागले, ते मध्यम दर्जाच्या कीबोर्डात काही प्रमाणात आधीपासून असते. स्वर वाकविण्याच्या चाकाने मींड काढता येते, कल्याणजींच्या पुंगीचा जो मुरका होता त्याच जातीची; आणि काही यंत्रांत प्रत्येक स्वर काही सेंटांनी चढविण्या-उतरविण्याची मुभा असते, जिच्या योगाने गांधार, धैवत आपापल्या जागी बसविता येतात. पीएसआर-ई२७३ मध्ये आणि सीटी-एस२०० मध्ये ते चाक नाही. म्हणजे चारशे नाद मिळाले, पण आपल्या गाण्याचा प्राण असलेली एक मींड मिळाली नाही. भजनाला, अभंगाला, नाट्यपदाला, भावगीताला साथ करू इच्छिणाऱ्याने चाक नसलेला कीबोर्ड, मग तो जुना असो वा नवा, घेऊ नये, असे मी निक्षून सांगतो.

ठेक्याच्या बाबतीत माझे मत कदाचित कित्येकांना रुचणार नाही. या यंत्रांत एक कळ दाबली की तबला, ढोलक, बास अशी सगळी साथ आपोआप सुरू होते, आणि ज्या मंडळात मृदंग वाजविणारा म्हातारा झाला आहे त्या मंडळाला ती कळ मोठा दिलासा वाटते. परंतु त्या कळेच्या भरवशावर मृदंगाला नवा विद्यार्थी शोधण्याचे काम थांबते, आणि पाच वर्षांनी मंडळात यंत्र उरते, मृदंग उरत नाही. यंत्राचा ठेका गायकासाठी क्षणभर थांबत नाही, समेवर येताना त्याच्याबरोबर श्वास घेत नाही. घरी रियाजासाठी तो अवश्य लावावा. तेथे तो निरलस शिक्षक आहे. मंडळात मात्र कीबोर्डाने पेटीची जागा घ्यावी, मृदंगाची नव्हे. त्याचप्रमाणे ट्रान्सपोजची कळ दाबून सगळी गाणी एकाच पट्टीतल्या बोटांनी वाजविण्याची जी सवय नव्या वादकांना लागली आहे, ती त्यांनी निदान शिकण्याच्या काळात दूर ठेवावी. काळी एक, काळी दोन, पांढरी चार येथून वाजविता येणे हे वादकाचे स्वातंत्र्य आहे.

नवे घेणे जेथे योग्य, ते प्रसंगही सांगितले पाहिजेत. वीज वारंवार जाते, आणि आली तरी उन्हाळ्यात तिचा दाब वरखाली होतो, अशा वस्तीत सहा पेन्सिल सेलांवर चालणारे आणि अवघे साडेतीन किलोच्या आत वजन असलेले नवे यंत्र खरोखर सोयीचे असते. कित्येक जुन्या यंत्रांना लागणारे सहा जाड सेल महाग पडतात. मुलाचा कल अजून ठरायचा असेल आणि जवळपास पारख करून देणारा कोणी नसेल, तर जुन्याचा धोका पत्करण्याऐवजी नवे घ्यावे. मात्र अशा वेळी थोडी रक्कम वाढवून सीटी-एस३०० घ्यावा. तो २०१९ साली सीटी-एस२०० बरोबरच निघालेला त्याचा भाऊ आहे, नाद तेच ४०० आहेत, पण त्यात स्पर्शसंवेदना आणि चाक ही दोन्ही अंगे आहेत. नव्यांमध्ये या रकमेच्या जवळपास मला जर एकाच यंत्राची शिफारस करायची झाली तर ती याची करीन. ऑर्केस्ट्रा, धुमाल आणि लग्नाच्या मंचावर पोट भरू इच्छिणाऱ्यांचा हिशेब निराळा. त्यांच्यासाठी रोलँडचा एक्सपीएस-१० हे यंत्र देशभर रूढ झाले आहे, कारण त्यात बाहेरून आपले नाद भरता येतात; ते वर सांगितलेल्या रकमेच्या दुपटी-तिपटीचे असले तरी, दोन हंगामांत स्वस्त यंत्र झिजवून तिसऱ्या हंगामात पुन्हा खरेदी करण्यापेक्षा, चौघांनी मिळून एक घेणे शहाणपणाचे.

जुन्या-नव्याची गाठ बांधणारी एक गोष्ट मात्र मनाला समाधान देते. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यांच्या प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे एका तारेने जोडून एकावर वाजविलेले दुसऱ्यावर उमटविण्यात आले, आणि मिडी नावाचा हा संकेत कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा न ठेवता सर्वांना खुला करण्यात आला. दोघांना त्याबद्दल २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाले. त्या औदार्याचे फळ म्हणून, चाळीस वर्षांपूर्वीचे मिडीयुक्त यंत्र आजही नव्या संगणकाशी बोलू शकते. ज्या जुन्या कीबोर्डाच्या पट्ट्या उत्तम आहेत आणि नाद जुनाट झाले आहेत, तो मोबाइलला वा संगणकाला जोडून नवे नाद त्याच पट्ट्यांवर वाजविता येतात. खरेदीच्या वेळी मागच्या बाजूला यूएसबीचे वा पाच पिनांचे मिडी छिद्र आहे का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. पीएसआर-एफ५१ ला दोहोंपैकी एकही नाही.

शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याविषयी दोन शब्द. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा कारभार आता येथूनच चालतो. जेव्हा केव्हा शाळांसाठी, वसतिगृहांसाठी वा सार्वजनिक मंडळांसाठी वाद्यांची सरकारी खरेदी होईल, तेव्हा मागणीपत्रात नुसते ‘इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, नग अमुक’ असे लिहिले तर निविदेच्या नियमाने सर्वांत स्वस्त, लहान पट्ट्यांचे यंत्र येईल आणि दप्तरात खरेदी पूर्ण झाल्याची नोंद होईल. त्याऐवजी पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या, स्पर्शसंवेदना, स्वर वाकविण्याचे चाक आणि यूएसबी वा मिडी जोडणी ही चार लक्षणे तपशिलात नमूद करावीत. दहा निकृष्ट यंत्रांपेक्षा चार चांगली घ्यावीत. संगीतशिक्षकाची सही घेतल्यावाचून खरेदी मंजूर करू नये, असा नियमही करता येईल, आणि त्यास एक पैसाही लागत नाही.

आणि शेवटी नागपूर, अमरावती, छिंदवाडा, भोपाळ येथील माझ्या मराठी बांधवांना एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर वा कपाटामागे, मुले मोठी होऊन गेल्यामुळे, असा एखादा चांगला कीबोर्ड झाकून ठेवलेला असेल. त्यातील सेल आजच काढून टाका, अडॅप्टर शोधून त्याच्यासोबत बांधून ठेवा, आणि भंगारात देण्याऐवजी किंवा तसाच पडू देण्याऐवजी तो एखाद्या गावातील भजनी मंडळाला, शाळेला किंवा शिकणाऱ्या मुलाला रास्त भावात द्या. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिगावला स्टेशन आहे. तेथून हाताने उचलून नेण्याइतकेच ते वाद्य जड असते.